वाळूची मांडी

श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात भागुबाईच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. मासळीच्या भावावरून तिच्याशी हुज्जत घातलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी वाट वाकडी करून जायचं. अंगानं किरकोळ, पण आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर होडीवरच्या माणसानं हातातलं काम टाकून मागं बघावं. अशी ही बाई एका प्रश्नापुढं मात्र मुकी व्हायची. आपल्यामागं राहीचं कोण? हा प्रश्न तिला बाहेरच्या कुणी विचारायची गरज नव्हती. तो तिच्या घरातच गोधडीवर पडलेला असायचा.

राही ही तिची आणि गुणाजीची एकुलती एक लेक. जन्मली तेव्हा निळी पडलेली, रडली ती फार उशिरा. बरोबरीची पोरं रांगू लागली तरी हिची मान धरेना, ती धावू लागली तरी हिला बसता येईना. पाय एकात एक अडकलेले, डावा हात छातीशी मुडपलेला, उजवा मनाला येईल तिकडं जायचा. बोलणं इतकं जड की आईशिवाय कुणाला उमगायचं नाही. डोळे तेवढे लख्ख होते. घरात मांजर कुठल्या कोपऱ्यात लपलंय ते राहीच्या डोळ्यांवरून कळायचं. गुणाजी एकदा तिला आगबोटीनं मुंबईला घेऊन गेला. डॉक्टरानं तपासून सांगितलं, यावर औषध नाही, पण पोरीची समज चांगली आहे. गुणाजीनं घरी येऊन पहिलं अर्धं वाक्य सांगितलं आणि दुसरं विसरला. भागुबाईला ते सांगायची गरजही नव्हती.

तिची सासू ठमाबाई स्वभावानं वाईट नव्हती, पण तिच्याजवळ प्रत्येक गोष्टीवर एक तोडगा असायचा. राहीवरचा तोडगा तिनं एकदा भाकऱ्या थापता थापता सांगून टाकला.

"हिला आपुन हरेश्वराच्या पायरीवर बसवू. बारमाही जत्रा असते तिथं. देवाच्या दारात कोन उपाशी मरत न्हाय."

"पायरीवर बसवाल कशी, आय?" भागुबाई म्हणाली. "तिला बसता कुठं येतंय?"

ठमाबाईनं पुढची भाकरी थापायला घेतली. पण पायरीचा विचार घरातून गेला नाही, आढ्याला टांगलेल्या शिंक्यासारखा तो तिथंच लोंबकळत राहिला. गुणाजी हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. भागुबाई रात्री राहीकडं तोंड करून, तिच्या अंगावर हात टाकून झोपायची. पोर जरा हलली तरी तिला जाग यायची.

दिवसाही हाल होतेच. मासळीची पाटी घेऊन बाजारात जायचं तर राहीला ठेवायचं कुठं? पाठीवर टाकून नेलं तर मान लटकायची. घरी ठेवलं तर ठमाबाईच्यानं उचलवत नव्हतं. त्यात तांडेल बुधाजीचा दंडक होता, होडी सुटताना लुळंपांगळं समोर यायचं नाही. बुधाजी म्हणजे गुणाजीच्या होडीचा म्होरक्या, समुद्राला न भिणारा आणि शकुनापुढं थरथरणारा माणूस. होड्या पाण्यात लोटायच्या वेळी भागुबाई लेकीला जाळ्यांच्या ढिगाआड घेऊन बसायची आणि मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

एका संक्रांतीच्या सुमाराला सूर्यग्रहण आलं. त्याआधी हरेश्वराच्या देवळात ठमाबाईला घाटावरची एक यात्रेकरीण भेटली होती. तिनं सांगितलं होतं, ग्रहण लागलं की लुळ्या पोराला गळ्याइतकं मातीत पुरायचं आणि मोक्ष झाल्यावर काढायचं, पाय सरळ होतात. ठमाबाईनं हा नवा तोडगा घरी आणला आणि तो अमलात येईपर्यंत कुणाला चैन पडू दिलं नाही. होड्या त्या दिवशी बंद होत्या. भरपावसातल्या निसरड्यावरून चालावं तशा जपून, एकमेकींना धरून, सासूसुना राहीला घेऊन किनाऱ्यावर आल्या. गुणाजीनं भरतीच्या रेघेच्या वर खड्डा खणला.

"गळ्याइतका खन," ठमाबाई म्हणाली.

"छातीइतका पुरे," भागुबाई म्हणाली. "हात भायेर ठेवा तिचे. गुदमरेल ती."

यावर बरीच बाचाबाची झाली आणि अर्थातच भागुबाईचं खरं झालं. राहीला उभी खड्ड्यात सोडली, पाय हळूहळू मोकळे करून खाली बसवली, चारी बाजूंनी वाळू लोटून दाबली. ठमाबाईनं डोळे मिटून देवाचं नाव सुरू केलं.

भागुबाईनं डोळे मिटले नाहीत, म्हणून तिला जे दिसायचं ते दिसलं. राही बसली होती. वाळूनं पाठ धरली, कंबर धरली, आणि कुणीही हात न लावता लेकीची मान वर उभी राहिली होती. आजवर त्या पोरीनं जग पाहिलं होतं ते आडवं. आढं, आभाळ आणि वाकून बघणाऱ्या माणसांच्या हनुवट्या. आता समोर ओहोटीला लागलेला सारा समुद्र होता. राही आधी दचकली, मग हसली. अंग वाळूत घट्ट बसल्यामुळं तिचा उजवा हातही जरा शहाण्यासारखा वागू लागला. तो चाचपडत पुढं गेला आणि त्यानं एक शिंपला उचलला. जन्मल्यापासून तिनं स्वतःच्या हातानं उचललेली ती पहिली वस्तू होती. भागुबाई तिथंच मट्कन बसली आणि रडली.

मोक्ष झाला, राहीला काढलं, धुतलं. पाय होते तसेच होते. ठमाबाई पुढं मरेपर्यंत म्हणत राहिली की गळ्याइतकं पुरलं असतं तर पोर चालली असती. भागुबाईनं तिला एकदाही उलट उत्तर दिलं नाही. तिला हवं ते मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी ग्रहण नव्हतं, मुहूर्त नव्हता, तरी तिनं करवंटीनं खड्डा खणला आणि लेकीला पुन्हा बसवलं.

कोळीवाड्यात कुजबुज झाली. भागूचं डोकं फिरलं, ती रोज पोरीला पुरते. शेजारची कोकिळा तेवढी काही बोलली नाही. ती येऊन खड्ड्याकडं बघून गेली आणि थोड्या वेळानं फाटक्या जाळ्याचा तुकडा घेऊन आली. "हे आत घाल," ती म्हणाली. "वाळू टोचत आसंल." मग खड्ड्यावर माडाच्या झापांची सावली आली. पावसाळ्यात किनारा बंद झाला तेव्हा भागुबाईनं घरातली फुटकी कणगी अर्ध्यावर कापली, तिच्यात भाताचं तूस भरलं आणि राहीला त्यात बसवलं. ठमाबाई म्हणाली, आता घरात धान्याऐवजी पोरं साठवायची का? पण तीच दुपारी कणगीजवळ बसून नातीला गोष्टी सांगायची.

खड्डा होता बोंबलांच्या वाळवणीजवळ. वाळवणीला मोठा जाच कावळ्यांचा. भागुबाईनं दोरीला करवंट्या बांधल्या, दोरी वाळवणीवरून फिरवली आणि टोक राहीच्या उजव्या मनगटात अडकवलं. कावळा दिसला की राहीला हर्ष व्हायचा, हर्ष झाला की तिचा हात आपोआप उडायचा, आणि करवंट्यांचा असा खडखडाट व्हायचा की कावळे हरेश्वरापर्यंत पळायचे. कधी कधी कावळा नसतानाही खडखडाट व्हायचा. मग बायका समजायच्या की राहीला कंटाळा आलाय.

त्या किनाऱ्यावर होडी परतली की विकायची मासळी आधी बाजूला निघायची. उरलेल्या मासळीचे घरच्या कालवणासाठी वाटे पडायचे. प्रत्येक खलाशाचा एक ढीग, होडीचा एक, जाळ्याचा एक. ढीग कितीही सारखे केले तरी कुणाला ना कुणाला दुसऱ्याचा मोठा दिसणारच. म्हणून एकाला ढिगांकडं पाठ करून बसवायचं. मागून कुणीतरी एका ढिगावर हात ठेवून विचारायचं, "हा कुनाचा?" पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं. ज्याचं नाव, त्याचा ढीग, मग कुरकुर नाही. आणि एकदा ज्याचा वाटा वाळूवर पडू लागला तो होडीचा माणूस. तो आजारी पडो की म्हातारा होवो, त्याचा ढीग पडायचाच. एक जुना खलाशी पायानं अधू होऊन घरी बसला होता, पण तो मरेपर्यंत त्याचा वाटा कुणी चुकवला नाही. होडीनं आपलं माणूस टाकायचं नसतं, असं तिथं म्हणायचे.

नावं घ्यायला बहुधा खलाशांचीच पोरं असायची आणि पोरं ती पोरंच, काखेतून मागं बघायची. एकदा नामा खलाशाच्या पोरानं असंच बघितलं आणि मोठी घोळ मासळी असलेला ढीग बापाच्या पदरात टाकला. ते उघडकीला आलं आणि भांडण जुंपलं. बुधाजी तांडेल वैतागून इकडंतिकडं बघू लागला. समोर राही खड्ड्यात बसली होती, तोंड समुद्राकडं.

"हिला घेऊ द्या नावं," तो म्हणाला. "हिला मान वळवताच येत न्हाय."

बोलणं काही गोड नव्हतं. भागुबाई पाटी टाकून तरातरा आली, पण तेवढ्यात राहीनं तोंड उघडलं होतं. पहिलं नाव बाहेर पडायला इतका वेळ लागला की कुणीतरी म्हणालं, मासळी इथंच सुकंल. नाव आलं ते "उना-ई". खलाशी एकमेकांकडं बघू लागले. "गुणाजी म्हनतेय," भागुबाई म्हणाली. तिचा राग तोवर कुठल्या कुठं गेला होता. एकेक करत सगळी नावं झाली. बुधाजीचं सर्वांत शेवटी.

तेव्हापासून ते काम राहीचं झालं. नावं घेणाऱ्याला प्रत्येक ढिगातून मूठभर मासळी द्यायची रीत होती, ती मूठ राहीला मिळू लागली. हळूहळू खलाशांना तिचं बोलणं कळायला लागलं. बुधाजीचं नाव मात्र ती कायम शेवटी ठेवायची, भुकेला तांडेल जागच्या जागी चुळबुळत राहायचा आणि पोरगी समुद्राकडं बघून हसायची. होडी सुटताना राहीला लपवायचं कधी बंद झालं ते कुणाला सांगता येणार नाही. बुधाजीनं दंडक मागं घेतला नाही, त्याला त्याचा विसर पडला.

राहीला खड्ड्यात बसवून, वाळवणीवरच्या बायकांच्या नजरेखाली ठेवून भागुबाई आता सुकी मासळी घेऊन थेट म्हसळ्याच्या बाजारापर्यंत जाऊ लागली. वाटेवरच्या गावांत दारोदार विकताना तिला एक नवीच खोड लागली. घराच्या ओट्यावर पाटी उतरवली की तिचे कान मागच्या पडवीकडं लागायचे. कितीतरी घरांत मागच्या पडवीत एखादं मूल असं ठेवलेलं असायचं की पाहुण्याला त्याचा पत्ता लागू नये. एका शेतकऱ्याच्या घरी नीराबाई नावाची बाई सुक्या जवळ्याच्या भावाची घासाघीस करत होती. आतून घुसमटल्यासारखा ठसका आला.

"मागं कोन हाय?" भागुबाईनं विचारलं.

"कुनी न्हाय."

"कुनी न्हाय ते ठसकतंय कसं?"

भागुबाई सरळ आत गेली. कमळ नावाची सात-आठ वर्षांची पोर चटईवर उताणी होती आणि तोंडातली पेज गालावरून ओघळत होती. भागुबाईनं तिला उचलून आपल्या मांडीत बसवलं, पाठ आपल्या छातीला टेकवली, हनुवटी दोन बोटांनी धरली आणि वाटी मागितली. पेज दाट करायला सांगितली. कमळनं न ठसकता चार घास गिळले. नीराबाई भिंतीला टेकून बघत राहिली.

"निजवून भरवू नको, बाय. आपुन तरी निजून जेवतो का?" भागुबाई म्हणाली.

"बसत न्हाय वो ती."

"कनगी हाय ना घरात? तूस हाय ना? मंग बसंल."

पुढच्या बाजाराला ती मुद्दाम वाट वाकडी करून गेली तेव्हा कमळ ओट्यावर अर्ध्या कणगीत बसून कोंबड्यांवर ओरडत होती. नीराबाईनं आपल्या नणंदेच्या गावातल्या एका पोराविषयी सांगितलं, त्याच्या आईनं आणखी कुणाविषयी. हिवाळ्यात काही बाया पोरांना पाठुंगळीला मारून श्रीवर्धनला यायच्या. मग राहीच्या खड्ड्याशेजारी आणखी खड्डे खणले जायचे आणि पोरं ओळीनं समुद्राकडं तोंड करून बसायची. आया मागं बसून बोलायच्या. कुणाची सासू काय म्हणते, फिट आली तर काय करायचं, कुणाचा नवरा पोराला हात लावत नाही. भागुबाई त्यांना एक गोष्ट बजावून सांगायची. पोराला दुसऱ्याच्या हातानं जेवायची सवय लावा. आपुन काय अमरपट्टा घेऊन आलोय?

आणि ही शहाणी बाई स्वतः काय करायची? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. राहीला घास भरवायची ती एकटी. उचलायची एकटी, धुवायची एकटी. कोकिळानं हात पुढं केला की "ऱ्हाऊ दे, तुला जमायचं न्हाय." गुणाजीला तर ती लेकीजवळ फिरकूही द्यायची नाही, त्याचे हात जाळं ओढून राठ झालेत म्हणून. राही पंधरा-सोळा वर्षांची झाली, आईच्या बरोबरीनं वजनाला भरली, तरी भागुबाई तिला कमरेवर घेऊन किनारा उतरायची. ठमाबाई वारली होती, पायरीचं नाव आता कुणी काढत नव्हतं. पण भागुबाईच्या मनातून ती पायरी गेली नव्हती. आपल्यासारखं कुणी करणार नाही, असं तिला वाटायचं. त्यात माया होती तेवढाच गर्वही होता.

एकोणीसशे छत्तीस-सदतीस साल असेल. पावसाळा सरला, होड्या पुन्हा पाण्यात गेल्या आणि भागुबाईला तापानं धरलं. एक दिवस थंडी वाजायची, एक दिवस उतार, पुन्हा थंडी. हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या झाल्या, काढे झाले. उठून उभं राहिलं की घर फिरायचं. तरी ती सरपटत जाऊन राहीला भरवायची. घास भरवताना हात इतका कापायचा की अर्धी पेज सांडायची. राही किनाऱ्यावर गेलीच नाही, आईशेजारी पडून आढं बघत राहिली. वाटे पुन्हा पोरं सांगू लागली आणि भांडणं पुन्हा सुरू झाली.

एका सकाळी कोकिळा आली आणि दारातच पदर खोचून उभी राहिली.

"मी हिला न्हेते."

"नको."

"भागू, तू मेल्यावर हिला संगट न्हेनार हाईस काय?"

असलं बोलणं एरवी कोकिळाला महागात पडलं असतं. पण भागुबाईच्या अंगात भांडायची ताकद नव्हती. तिनं भिंतीकडं तोंड वळवलं. गुणाजी आणि कोकिळानं राहीला उचललं. तिचा डावा पाय दाराच्या चौकटीला लागल्याचा आवाज भागुबाईनं ऐकला आणि दात आवळले.

घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. पडल्या पडल्या ती कान देऊन होती. खूप वेळ काहीच आलं नाही. खड्डा नीट खणला असेल का? पाय मोकळे केले असतील का? उन्हं वर आली आणि एकदम करवंट्यांचा खडखडाट झाला, मग पुन्हा, मग उगाचच पुन्हा. भागुबाईनं श्वास सोडला. पोर बसली होती.

दुपार कलल्यावर होडी आली. माणसांचा गलका, पाट्या ओढल्याचा आवाज, मग शांतता. "हा कुनाचा?" नामा खलाशाचा आवाज. आणि राहीचा जड, ओढत आलेला, तिच्या ओळखीचा आवाज. एकेक नाव येत होतं. भागुबाई प्रत्येक नावाबरोबर मान हलवत होती. होडीचा झाला, जाळ्याचा झाला. शेवटी "उधा-ई". नेहमीप्रमाणे हशा पिकला. संपले वाटे.

"हा कुनाचा?"

भागुबाईच्या कपाळाला आठी पडली. आता कुणाचा? सगळे तर झाले. घोळ झालाय, पोरीला विचारून छळतायत, असं वाटून भागुबाई कोपरावर उठू लागली. तेवढ्यात बुधाजीचा आवाज आला, नेहमीसारखाच वैतागलेला.

"अगं, उरलं कोन आता? सांग की. आमाला भूक लागलीय."

मग राहीनं एक नाव घेतलं. ते नाव तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिनं ते कधी घेतलंही नव्हतं.

"आ-ई."

'र' आणि 'ह' तिला कधीच यायचे नाहीत. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, पोर आईला हाका मारतेय. पण आईला ती 'आय' म्हणायची, आणि ते किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

"राहीचा," नामानं मोठ्यानं सांगितलं. "ठेव बाजूला."

भागुबाई पुन्हा आडवी झाली. मूठ नव्हे, वाटा. त्या अधू खलाशाला मरेपर्यंत पडला तसा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात वर न्यायचंही तिला सुचलं नाही. इतकी वर्षं ती एकटी जी पायरी अडवून उभी होती, ती पायरी आज कोळीवाड्यानं वाळूवर एक ढीग टाकून मोडली होती.

तिन्हीसांजेला कोकिळा राहीला घेऊन आली. मागोमाग मांदेलीचं कालवण आलं, राहीच्या वाट्याचं. कोकिळा भात कालवून भागुबाईपुढं ताट सरकवू लागली तेव्हा भागुबाई म्हणाली, "तूच भरव. मी बघते."

कोकिळानं राहीला मांडीत घेतलं, हनुवटी धरली. इतकी वर्षं शेजारून बघत होती, चुकणार कशी? तरी भागुबाईला राहवलं नाही.

"घास मोठा घालतेस तू."

"खातेय ना?" कोकिळा म्हणाली.

राही खात होती. काटा लागला तेव्हा तिनं तो जिभेनं बाहेर ढकलला आणि पुन्हा तोंड उघडलं. भागुबाईनं आणखी दोन घास पाहिले, तिसऱ्याला काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिनं गोधडी खांद्यावर ओढली, कूस वळवली आणि राहीकडं पाठ करून झोपली.